आक्कांसाठी घडीची खुर्ची

आमचे मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करतात आणि मग तिच्यावर बसतात. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. वडिलांनी बसा म्हटलं, आणि या गृहस्थांनी बैठकीतली त्यातल्या त्यात चांगली खुर्ची उचलून पालथी घातली, चारही पायांचे तळ अंगठ्याने चाचपले आणि सांगितलं, की हिच्यात बसणारं माणूस डाव्या अंगावर रेलून बसतं. वडिलांचा रेडिओ डावीकडच्या फळीवर असायचा आणि ते रोज संध्याकाळी त्याला कान लावून बसायचे. वडील खूश झाले. आई आतून खुदकन हसली. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पुढे याच माणसाबरोबर संसार केला आणि सवय झाली. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. त्यांचं काम घडीच्या खुर्च्यांचं. नव्या करणं थोडं, जुन्या दुरुस्त करणं फार. सभागृहांच्या, शाळांच्या, भाड्याने सामान देणाऱ्यांच्या खुर्च्या ढिगाने येतात. कुणाची बिजागरी सैल, कुणाचा रिव्हेट तुटलेला, कुणाची पट्टी तडकलेली. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची खोली म्हणजे घर, आणि मध्ये एक लाकडी भिंत, जिच्यातून कानशीचा आवाज आणि भुसा दोन्ही बिनदिक्कत आत येतात. भाजीत भुसा निघाला तर आमच्याकडे कुणी तोंड वाकडं करत नाही.

खुर्ची सरळ उभी असेपर्यंत मिस्त्री तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आधी उलटी. पायांचे तळ कुठे झिजलेत ते बघायचं, बोट फिरवायचं, आणि मग आणणाऱ्याला विचारायचं, की तुमच्याकडे एक जण पाय हलवत बसतो का, किंवा हिच्यावर उभं राहून कुणी पंखा पुसतं का. लोक चकित होतात. मी होत नाही. एवढं कळणाऱ्या माणसाला बायको कशाने रागावली आहे हे मात्र पायाच्या तळापासून डोक्याच्या केसापर्यंत कुठेही दिसत नाही.

त्यांचं सगळं आयुष्य खुर्च्या हलू नयेत यात गेलं. डुगडुगणारी खुर्ची दिसली की ते लगेच तिच्या पायाखाली पाचर सरकवतात. त्यातही पुढे कलणाऱ्या खुर्चीची त्यांना धास्ती आहे, आणि त्याला कारण आहे. धंद्याच्या सुरुवातीला त्यांनी दुरुस्त केलेली एक खुर्ची एका समारंभात, एक बाई उठत असताना, पुढे कलंडली. बाई तोंडावर पडल्या. ओठ फुटला, दात हलला. बाईंनी कधी बोल लावला नाही, पण मिस्त्री त्या बऱ्या होईपर्यंत रोज त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. तेव्हापासून ते प्रत्येक खुर्ची पुढून दाबून बघतात. खुर्ची मागे गेली तर एक वेळ चालेल, पुढे जाता कामा नये, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

आता आक्कांबद्दल. आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, माझी नणंद. तीन भावंडांत आक्का सगळ्यांत मोठ्या, मग मधले भाऊजी, आणि मिस्त्री शेंडेफळ. आई लवकर गेली. घर आक्कांनी सांभाळलं, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करून. धाकट्याचं शाळेत लक्ष नाही म्हणून वडील त्याला घराबाहेर काढायला निघाले होते, तेव्हा आक्कांनीच त्याचा हात धरून त्याला सुताराकडे नेलं आणि सांगितलं, की याच्या हाताला काम द्या, डोक्याचं नंतर बघू. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई. कुणाकडे काही मागितलं असं कुणाला आठवत नाही. आजारी पडल्या तर बऱ्या झाल्यावर कळवायच्या.

दुसऱ्या गावात, एका घराच्या वरच्या मजल्यावर त्या भाड्याने राहायच्या. खिडकीपाशी त्यांची झुलती खुर्ची. जड, काळपट लाकडाची, खाली दोन लांब बाकदार पट्ट्या. मिस्त्री त्या पट्ट्यांना कमानी म्हणतात. आम्ही भेटायला गेलो की आक्का त्या खुर्चीतच असायच्या. आम्ही समोर पलंगावर ओळीने बसायचो, शाळेतल्या पोरांसारखे. निघायची वेळ झाली की त्या दोन-तीन जोरकस झोके घ्यायच्या, उठायच्या आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला यायच्या. परतीच्या बसमध्ये मी म्हणायचे, काय तो थाट, सिंहासनावरून उतरताहेत जणू. मिस्त्री हसायचे. आमच्या घरात त्या खुर्चीला सिंहासनच म्हणायचे सगळे.

तर घरमालकांनी ते घर विकायला काढलं. आक्कांना जागा सोडणं भाग होतं. मधले भाऊजी दूर मोठ्या शहरात, त्यांच्या जावयासकट माणसांनी भरलेल्या घरात. त्यांनी वयस्कर माणसांसाठी असलेली एक संस्था शोधली. स्वच्छ जागा, प्रत्येकाला वेगळी खोली. आक्का जाऊन बघूनही आल्या आणि नाव घालून आल्या. मिस्त्रींना हे फोनवर कळलं तेव्हा ते हातातली कानस खाली ठेवायचीच विसरले. तशीच हातात धरून आत आले आणि म्हणाले, “आक्का तिथे राहणार? परक्यांत? आणि मी इथे खुर्च्या ठोकत बसणार?”

मी म्हटलं, मग इकडे घेऊन या. मुलगी तिच्या घरी गेल्यापासून आपण दोघंच तर आहोत. मला काही सासर-माहेर असला दुजाभाव करायचा नव्हता. नणंद कडक आहे, पण मीही काही लोण्याची नाही.

मिस्त्रींनी आक्कांना फोन केला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. माझी खुर्ची मावेल का तिथे?

इथेच घोडं अडलं. आमच्या मागच्या खोलीत एक उंच पलंग, एक कपाट, ओटा आणि मोरी. पलंग आक्कांना दिला की आमचं अंथरूण जमिनीवर. मिस्त्रींनी खडूने जमिनीवर सिंहासनाची जागा आखली, झोका मागे किती जाईल, पुढे किती येईल, तेही आखलं. मग आम्ही दोघं त्या खडूच्या रेघांकडे बघत उभे राहिलो. खुर्ची ठेवली तर अंथरूण पडत नव्हतं. अंथरूण घातलं तर दार उघडत नव्हतं. मिस्त्रींनी रेघा पुसल्या, दुसऱ्या कोपऱ्यात आखल्या, पुन्हा पुसल्या. दोन दिवस मी त्या खडूवरून पाय उचलून स्वयंपाक करत होते.

मग त्यांच्या डोक्यात आलं, की खुर्चीच घडीची करावी. सकाळी उघडली की साधी खुर्ची, कमानी खाली पाडल्या की झुलती खुर्ची, रात्री घडी घालून दारामागे. जन्मभर घडीच्या खुर्च्या हाताळलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा सुचावं याचं मला नवल वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

आक्का म्हणाल्या, बरं. महिनाभर राहून बघते. संस्थेतली खोली तोवर धरून ठेवतील. नाही जमलं तर तिकडे जाईन, कुणी मनाला लावून घ्यायचं नाही.

झालं. मिस्त्रींनी जिवाचं रान केलं. ते कागदावर चित्र काढत नाहीत. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापतात आणि टाचण्यांनी जोडतात. जेवताना ताटाशेजारी ती पुठ्ठ्याची खुर्ची. एक घास खायचा, घडी घालायची, उघडायची. दोन कमानी मागच्या पायांना खाली बिजागरीने अडकवलेल्या, एरवी पायाला लगटून वर उभ्या. झोका हवा असला की त्या खाली पाडायच्या, पुढचे पाय त्यांच्या खाचेत बसवायचे आणि लाकडी खिटी सरकवायची. पुठ्ठ्यात सगळं झकास जमलं. लाकडात माझ्यावर वेळ आली, कारण बसून बघायला माणूस हवं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या कमानींना बाक फार होता. मी बसले मात्र, पाय वर, डोकं खाली, आणि छताच्या कोपऱ्यातली जळमटं मला स्वच्छ दिसली. दुसऱ्या कमानी इतक्या सपाट, की झोका घ्यायचा म्हणजे ओझं ढकलायचं काम. तिसऱ्या वेळी झोका छान आला, पण खुर्ची झुलता झुलता चालायला लागली आणि मला घेऊन हळूहळू दुकानाच्या दाराकडे निघाली. शेजारचा शिंपी खुर्चीचं कापड शिवून घेऊन आला होता, तो म्हणाला, वहिनी कुठे निघाल्या? चौथ्या वेळी खिटी निसटली आणि खुर्चीची घडी झाली, माझ्यासकट. दंडावरचा काळानिळा डाग मी बरेच दिवस मिरवला आणि जो भेटेल त्याला दाखवला.

पण माणूस हटला नाही. खिटी बदलली, खाच खोल केली, कमानींचा बाक माझ्या, शिंप्याच्या आणि वाण्याच्या वजनावर पारखून घेतला. आक्कांचं वजन फोनवर विचारायची हिंमत मात्र दोघांनाही झाली नाही. शेवटी एक दिवस मी त्या खुर्चीत बसले आणि मला डुलकी लागली. मिस्त्रींनी मला उठवलं नाही. जाग आली तेव्हा ते समोर स्टुलावर बसून नुसते बघत होते. इतका खूश माणूस मी फार दिवसांनी बघितला, आणि त्या वेळी मला ते फार आवडले, हे लिहून टाकते.

तेवढ्यावर थांबतील तर मिस्त्री कसले. त्यांनी खुर्ची पुढून दाबली. कमानीवरून खुर्ची पुढे कलली, कलणारच. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कमानींच्या पुढच्या भागाखाली एकेक गुटका ठोकला, लाकडाचा छोटा ठोकळा, खाली रबर लावलेला. आता खुर्ची मागे झुलायची, सरळ व्हायची, गुटक्यावर टप करून टेकायची आणि थांबायची. पुढे म्हणून जायची नाही. मी म्हटलं, त्या टप आवाजाने मजा जाते. ते म्हणाले, माझी बहीण तोंडावर पडली तर?

आक्का आल्या. एक पेटी, एक पिशवी. सिंहासन जुन्या घरमालकांच्या जिन्याखाली ठेवून आल्या होत्या, महिनाभरासाठी. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर खुर्ची दारामागून काढली, उघडली, कमानी पाडल्या, खिट्या लावल्या. एक खिटी दोनदा ठोकून बघितली. आक्का बसल्या. मागे गेल्या, पुढे आल्या, टप. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, टप. क्षणभर त्यांनी खाली पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “छान केलीस रे धाकट्या.”

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. मी चहा दिला. कप परत घ्यायला हात पुढे केला तर आक्कांनी कपाबरोबर माझं मनगटही धरलं आणि तशाच उठल्या. मला वाटलं, वयाने माया आली. मला बरंही वाटलं.

पहिले काही दिवस बरे गेले. आक्का भाजी निवडायच्या, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखायला लागल्या, शिंप्याला एकदा शिवण उसवलेली दाखवून त्याचे कान टोचले. मिस्त्री तर काम करता करता अधूनमधून आत डोकावून जायचे, आक्का आहे ना याची खात्री करायला. पण माझ्या हळूहळू लक्षात आलं, की आक्का त्या खुर्चीत बसत नाहीत. मी जवळपास असले तर बसायच्या. मी मोरीत गेले, बाहेर गेले, की उभ्या. ओट्याला टेकून उभ्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या, नाहीतर त्या उंच पलंगाच्या कडेवर अर्ध्या टेकलेल्या. मला राग यायचा. माणसाने घाम गाळून, बायकोचा दंड सुजवून खुर्ची केली, आणि या बाई बसची वाट बघितल्यासारख्या उभ्या. मिस्त्रींना मी सांगितलं नाही. त्यांना ते दिसत होतंच. ते कमानींना तेल देत होते, कापड सैल करून बघत होते, आक्कांना विचारत होते, की पाठीला रुतत तर नाही ना? आक्का म्हणायच्या, नाही रे, उत्तम आहे.

एक दिवस आम्ही दोघं दुपारी एका सभागृहात खुर्च्या पोचवायला गेलो. यायला संध्याकाळ झाली. घरात अंधार. दिवा लावला तर आक्का खुर्चीत बसलेल्या, हात मांडीवर, समोर बघत. ओट्यावर दूध तसंच, वर साय धरलेली. मी घाबरून विचारलं, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, डोळा लागला. पण झोपेतून उठलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो. हा चेहरा तसा नव्हता. मी जवळ गेले तशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच भार टाकला आणि उठून सरळ मोरीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी सांगून टाकलं. मी तिकडे जाते. इथे माझी काहीही तक्रार नाही. मधल्याला मी कळवते. फक्त माझी जुनी खुर्ची जिन्याखालून आणून तेवढी तिकडे पोचव, आणि आणलीच आहे तर सांधे एकदा बघून घे.

मिस्त्री अर्धा कप तसाच ठेवून दुकानात गेले. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. ते गेल्यावर मी आक्कांसमोर उभी राहिले.

“आमचं काय चुकलं ते तरी सांगून जा. त्यांना नका सांगू, मला सांगा.”

आक्का कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “चुकलं काही नाही गं. त्याने माझ्यासाठी एवढं केलं. त्याला आणखी काय सांगायचं?”

या उत्तराचा मला काडीचाही अर्थ लागला नाही. उलट जास्तच राग आला. एवढं केलं म्हणताय आणि तरी निघालात. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आक्कांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, म्हणून जीभ आवरली.

मिस्त्रींनी त्या दिवशी चांगल्या खुर्च्यांचे चांगले रिव्हेट काढून पुन्हा ठोकले. जेवायला आले तर ताटाशी पुठ्ठ्याची खुर्ची नव्हती. मला म्हणाले, तिला इथे आवडलं नाही, त्याला खुर्ची काय करणार. त्यांचा असा आवाज मला सहन होत नाही. भांडले तर परवडतं.

टेम्पोने सिंहासन आलं. आत न्यायला जागा नव्हतीच, दुकानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच टेम्पो आक्कांना आणि खुर्चीला घेऊन संस्थेत जाणार होता. आक्का आत पेटी भरत होत्या. मिस्त्री सांधे बघायला बसले आणि सवयीने त्यांनी खुर्ची उचलून पालथी घातली.

आता गंमत बघा. या माणसाने जगाच्या खुर्च्या उलट्या केल्या. माझ्या वडिलांची केली, शाळेतल्या हेडमास्तरांची केली. सख्ख्या बहिणीची खुर्ची मात्र कधी उलटी करून बघितली नव्हती. कशी बघणार? आम्ही जायचो तेव्हा आक्का तिच्यातच बसलेल्या असायच्या. आणि आक्का दारापर्यंत आल्या की आम्ही बाहेर पडलेले.

मी चहा घेऊन गेले तर मिस्त्री खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले होते. अंगठा कमानीवरून पुढे-मागे फिरत होता. चहा ठेवला तरी मान वर केली नाही.

“हे बघ,” म्हणाले. “झोके घेणाऱ्याची कमान मधे झिजते. आणि थोडी मागे. हिची मधे बघ, पॉलिशसुद्धा शाबूत आहे.”

मी बघितलं. खरंच, मधला भाग नव्यासारखा होता. पण कमानींची पुढची टोकं झिजून झिजून बोथट झाली होती, लाकडाचे तंतू वर आले होते.

“मग आक्का करत काय होत्या एवढी वर्षं?” मी विचारलं.

“उठत होती,” मिस्त्री म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक आठवायला लागलं. दोन-तीन जोरकस झोके, आणि आक्का उभ्या. कपाबरोबर धरलेलं मनगट. ओट्याला टेकून काढलेल्या सकाळी. अंधारात मांडीवर हात ठेवून बसलेल्या आक्का आणि ओट्यावरचं दूध. त्यांचे गुडघे त्यांना उचलत नव्हते, खुर्ची उचलत होती. पुढे कलायची आणि त्यांना पायांवर उभं करायची. कुणाला हाक मारावी लागत नव्हती. आणि आम्ही त्याला थाट म्हणत होतो. मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि बाहीचा भुसा डोळ्यात गेला, मग आणखी पुसत बसले.

“मी तिची वाटच अडवून ठेवली,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी दारामागून घडीची खुर्ची आणली. करवत घेऊन दोन्ही गुटके कापले, खालची जागा कानशीने घासून गुळगुळीत केली. गुटक्यांचं रबर काढून कमानींच्या टोकांना लावलं, म्हणजे भार पडला तरी टोक जमिनीवरून सरकणार नाही. जन्मभर ज्याची धास्ती घेतली तेच आता ते हाताने करत होते. मला म्हणाले, बस. मी बसले. ते दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभे राहिले. मी मागे गेले, पुढे आले, मागे गेले, पुढे आले, आणि खुर्चीने मला अलगद उठवून उभं केलं. त्यांच्या पसरलेल्या हातांची गरज पडली नाही. तरी मी ते धरले.

आक्कांना सांगायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “काय सांगणार? तिने इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. आपल्याला कळलं हे तिला कशाला कळायला हवं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी दाराशी तयार होती. टेम्पो दुपारचा. मिस्त्रींनी नेहमीसारखी खुर्ची उघडली, कमानी पाडल्या, खिट्या लावल्या आणि दुकानात जाऊन काम करायला लागले. मी ओट्यापाशी पाठ करून उभी. आक्का आल्या, म्हणाल्या, चला, शेवटची बसून घेते. बसल्या. मागे गेल्या. पुढे आल्या.

टप झालं नाही.

खुर्ची पुढे कलली, थबकली आणि मागे गेली. आक्कांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकून झोका थांबवला. मी पातेलं घासत होते, घासलेलंच. दुकानातून हातोडीचा आवाज येत होता, तोही थांबला. मग आक्कांनी एक झोका घेतला, दुसरा घेतला, तिसरा जोरात घेतला आणि उभ्या राहिल्या. माझा हात ओला होता आणि नकळत अर्धा पुढे आला होता. तो मी पातेल्यात परत घातला.

आक्का हळूहळू चालत दुकानाच्या दारापर्यंत गेल्या. मिस्त्री मान खाली घालून एका खुर्चीच्या बिजागरीत तेल सोडत होते, इतकं, की ते खाली ठिबकत होतं. आक्का चौकटीत उभ्या राहून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. पालथ्या पडलेल्या सिंहासनाकडेही त्यांनी एकदा बघितलं.

“धाकट्या,” त्या म्हणाल्या, “टेम्पोवाल्याला फोन कर. येऊ नको म्हणावं.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले. मान वर केली नाही.

“आणि मधल्याला सांग, त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठेवा.”

त्या परत आल्या आणि खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, चहा टाकते. त्या म्हणाल्या, टाक. मी आधण ठेवलं, वळून बघते तर आक्का पुन्हा उभ्या. खिडकीपर्यंत गेल्या, गज धरून रस्त्यावर नजर टाकली, परत येऊन बसल्या. थोडा वेळ झुलल्या आणि पुन्हा उठल्या. या वेळी कपाटापर्यंत. चहा उकळेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. काम काही नव्हतं.